थेंबे थेंबे तळे आटे

घर आणि हत्यारे

'थेंबे थेंबे तळे साचे' ही म्हण आपल्यापैकी प्रत्येकाने शाळेच्या फळ्यावर कधी ना कधी सुवाच्य अक्षरात लिहिली असेल. बचतीचे महत्त्व पटवून देण्यासाठी गुरुजी ती वापरीत असत. या म्हणीची दुसरी बाजू मात्र सहसा कोणी शिकवीत नाही. जे थेंबाथेंबाने साचते ते थेंबाथेंबानेच आटते, आणि आटताना मुळीच आवाज करीत नाही. हा धडा मला गेल्या वर्षी एका जुन्या मोटारीखाली उताणे पडून शिकावा लागला. तो वाचकांच्या कामी यावा म्हणून या महिन्याचे पान त्यासच देत आहे.

बंगळूरच्या मल्लेश्वरम भागात आमच्या घरासमोर एक काकू राहतात. त्यांचे माहेर बेळगावचे. बंगळुरात पन्नासाहून अधिक वर्षे काढली तरी त्यांच्या बोलण्यातला 'की' काही गेलेला नाही. त्यांच्या अंगणातील छपराखाली फिकट राखी रंगाची एक अँबॅसडर उभी असते. गाडी १९६८ सालची, 'मार्क दोन' प्रकारातली. काकांनी ती लग्नाआधी घेतली, आणि १९७१ साली लग्न होऊन काकू बंगळुरास आल्या त्या याच गाडीतून. काका आता नाहीत. गाडी आहे.

दिवाळीनंतर बेळगावात काकूंच्या भावाच्या नातीचे लग्न ठरले. नवरी मंडपातून निघेल ती याच गाडीतून, असे काकूंनी मनाशी पक्के केले होते. गाडी चालविण्यास त्यांचा भाचा तयार होता. पुण्यास असलेल्या चिरंजीवांचे मत मात्र निराळे होते. "आई, पाचशे किलोमीटरचा रस्ता, पन्नाशी उलटलेली गाडी, आणि तिच्याखाली तेलाचे तळे. वाटेत चित्रदुर्गाच्या माळावर बंद पडली तर काय करशील? देऊन टाक भंगारात," असे ते दूरध्वनीवरून सांगत. त्यांच्या म्हणण्यात तथ्य नव्हते असे नाही. गाडीखालच्या फरशीवर ताटाएवढा काळा डाग पडला होता, आणि तो दर आठवड्यास वाढत होता.

एका रविवारी सकाळी काकूंनी हाक मारली. "अरे संपादका, इंग्रजीचं मराठी करतोस, तसं या गाडीचं रडणं कशाला ते जरा वाचून सांग की."

गाडीच्या पोटात काय असते

अँबॅसडर ठाऊक नाही असा वाचक विरळाच. हिंदुस्थान मोटर्स ही कंपनी १९४२ साली स्थापन झाली. तिचा कारखाना पुढे बंगालमध्ये उत्तरपाडा येथे उभा राहिला. इंग्लंडातील मॉरिस ऑक्सफर्ड या गाडीच्या तिसऱ्या मालिकेचा आराखडा घेऊन तेथे अँबॅसडर घडविली जाऊ लागली, आणि १९५७-५८ पासून २०१४ च्या मे महिन्यापर्यंत तिचे उत्पादन चालले. मुंबईस कुर्ल्याला वालचंद हिराचंद यांनी स्थापिलेल्या प्रीमिअर कारखान्यातून निघणारी फियाट ही तिची स्पर्धक. एके काळी या देशातील मोटारवाल्या कुटुंबांच्या या दोनच जाती होत्या, आणि दोहोंत रोटीव्यवहार असला तरी मतैक्य कधी नव्हते.

अँबॅसडरचे १४८९ घनसेंटिमीटरचे इंजिन आकाराने बेताचे, पण सोशिक. त्याच्या तळाशी पत्र्याचे एक पात्र असते. गॅरेजातील मंडळी त्यास ऑइल चेंबर म्हणतात. त्यात सुमारे चार लिटर इंजिन ऑइल मावते. पंप हे तेल वर खेचतो, गाळतो आणि दाबाने सर्व फिरत्या भागांकडे पोचवितो. इंजिनाचा मुख्य दंड आणि त्याचे बेअरिंग यांचा धातू धातूस लागतच नाही. दोहोंमध्ये तेलाचा एक पापुद्रा असतो, शतांश मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही पातळ. हा पापुद्रा आहे तोवर इंजिन वर्षानुवर्षे चालते. तो फाटला की काही मिनिटांत बेअरिंग वितळते आणि इंजिन जाम होते. तेलाचा दाब दाखविणारा दिवा चालत्या गाडीत लागला, तर पुढच्या गावापर्यंत जाण्याचा मोह धरू नये. गाडी कडेला घेऊन त्याच क्षणी इंजिन बंद करावे.

चेंबरच्या सर्वांत खालच्या जागी एक मोठे बूच असते. जुने तेल सोडण्यासाठी ते उघडावयाचे आणि पुन्हा लावावयाचे. बूच आणि चेंबर यांच्यामध्ये तांब्याचे किंवा फायबरचे एक वायसर बसते. सारे चार लिटर तेल तोलून धरण्याचे काम या रुपयाएवढ्या चकतीकडे असते. बूच चेंबरच्या तळाशी असल्याने ते गळू लागले तर शेवटच्या थेंबापर्यंत गळू शकते.

आता थोडे गणित करू. दहा सेकंदांस एक थेंब पडतो असे धरा. ही गळती पाहणाऱ्यास किरकोळ वाटते. दिवसाचे होतात ८,६४० थेंब. एका मिलिलिटरचे २५ थेंब धरले, तर दिवसाकाठी सुमारे ३४५ मिलिलिटर तेल जमिनीवर जाते. डिपस्टिकवरील वरच्या व खालच्या खुणांमधील अंतर साधारण एक लिटरचे असते. म्हणजे तीन दिवसांत तेल खालच्या खुणेशी येते आणि बाराव्या दिवशी चेंबर कोरडे पडते. शिवाय इंजिन तापले की तेल पातळ होते आणि गळती वाढते. उभ्या गाडीखालचा डाग पाहून चालत्या गाडीतील गळतीचा अंदाज बांधणे म्हणूनच धोक्याचे.

आधी निदान, मग औषध

तेल बुचावरून ठिबकते म्हणून ते बुचातूनच येते असे नाही. पाणी जसे उताराकडे धावते तसे तेलही इंजिनाच्या अंगावरून ओघळत तळाशी येते, आणि बूच सर्वांत खाली असल्याने सर्वांचे पाप त्याच्या माथी येते. वरच्या झाकणाचे गॅस्केट, बाजूची झाकणे, पेट्रोल पंपाची बैठक, चेंबरचे स्वतःचे गॅस्केट, यांपैकी कोठूनही तेल निघू शकते. या घडणीच्या जुन्या इंजिनांत मुख्य दंडाच्या मागल्या टोकास रबरी सील नसून तेल परत आत ढकलणारी मळसूत्री खाच असते; तेथूनही थोडे तेल येतेच.

निदानाची रीत साधी आहे. रॉकेलात भिजविलेल्या फडक्याने चेंबर, बूच आणि आजूबाजूचा भाग लख्ख पुसावा. कोरड्या फडक्याने पुन्हा पुसावा. मग शाळेतील खडूची बारीक पूड सर्व भागास फासावी आणि खाली वर्तमानपत्र पसरावे. दहा मिनिटे इंजिन चालवून बंद करावे आणि रात्रभर गाडी हलवू नये. सकाळी विजेरीच्या उजेडात पाहावे. पांढऱ्या पुडीवर तेलाची पहिली काळी रेघ जेथून सुरू झाली असेल तेथेच गळतीचा उगम. आमच्या घरी खडू पुरविण्याचे आणि वर्तमानपत्रावरील थेंब मोजण्याचे काम माझ्या दहा वर्षांच्या कन्येने केले. सकाळी शाळेस जाण्यापूर्वी तिने निकाल जाहीर केला, "बाबा, बाकी सगळं पांढरं आहे. फक्त बुचाभोवती काळं आहे."

तो निकाल ऐकून मला हायसे वाटावयास हवे होते. ते वाटले नाही. त्याचे कारण पुढे येईल.

जीव आधी, गाडी मागून

गाडीखाली जाण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणीही, क्षणभरासाठीही, गाडीखाली जाऊ नये. जॅक हे गाडी उचलण्याचे साधन आहे, तोलून धरण्याचे नव्हे. जागा सपाट व कठीण असावी. हँडब्रेक ओढावा, मागच्या चाकांच्या पुढेमागे लाकडी ठोकळे लावावेत, पुढची बाजू जॅकने उचलून सांगाड्याच्या भक्कम भागाखाली दोन लोखंडी घोड्या द्याव्यात, आणि गाडी त्यांच्यावर टेकवून हाताने हलवून पाहावी. विटा किंवा पोकळ सिमेंटचे ठोकळे घोडीच्या जागी कधीही वापरू नयेत. ते पूर्वसूचना न देता फुटतात. घरात कोणीतरी मोठे माणूस हाकेच्या अंतरावर असावे. ज्यांच्याकडे घोड्या नाहीत त्यांनी हे काम गॅरेजात करवून घ्यावे. त्यात कमीपणा काहीच नाही.

इंजिन कोमट असावे. अगदी थंड असेल तर तेल नीट उतरत नाही आणि कढत असेल तर हात भाजतो. बुचाखाली पाच लिटरचे रुंद भांडे ठेवावे. पाना बुचाच्या डोक्यावर अचूक बसला पाहिजे. इंग्रजी वळणाच्या जुन्या गाड्यांत नटबोल्ट इंचांच्या मापाचे, तर इटालियन वळणाच्या गाड्यांत मिलिमीटरच्या मापाचे असतात. इंचाच्या नटावर मिलिमीटरचा पाना 'जवळजवळ' बसतो, आणि या जवळजवळमुळेच बुचाचे कोपरे गोल होतात. बंद तोंडाचा रिंग पाना उत्तम. बूच ढिले झाल्यावर पुढचे आटे बोटांनी, बूच वर दाबून धरीत सोडवावेत, आणि सुटताच हात चटकन बाजूस घ्यावा.

तेल उतरेपर्यंत बूच नीट पाहावे. त्यास चिकटलेली राखेसारखी बारीक कीट चिंतेची नव्हे. पण धातूचे चमकते तुकडे दिसले तर आतले बेअरिंग झिजत असण्याचा संभव आहे, आणि त्यासाठी जाणत्या मिस्त्रीस गाडी दाखवावी. मग चार जागा तपासाव्यात: वायसर, बुचाची वायसरला टेकणारी बाजू, चेंबरची तीच बाजू, आणि दोन्हीकडचे आटे. बुचाच्या बाजूवर ओरखडे असतील तर सपाट काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून त्यावर बूच गोलगोल घासावे. चेंबरच्या बाजूस मात्र कानस लावू नये. फडक्याने पुसून कचरा तेवढा काढावा.

वायसरची गोष्ट

तांब्याचे वायसर हे मऊ असते म्हणूनच उपयोगी. बूच आवळले की ते किंचित चेपते आणि दोन्ही बाजूंच्या सूक्ष्म खाचा भरून काढते. परंतु तांबे दाबले गेले की कठीण होते. एकदा वापरलेले वायसर पुन्हा लावले तर ते चेपत नाही, आणि न चेपणारे वायसर तेल अडवीत नाही. बहुतेक गळत्यांचे मूळ एवढेच असते. तेल बदलताना नवे वायसर घालणे हा म्हणूनच सर्वांत चांगला नियम. त्यास चहाच्या पेल्याहून फारसा अधिक खर्च येत नाही.

नवे मिळाले नाही तर जुन्यास पुन्हा मऊ करता येते. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत ज्यांनी बंब आणि हंडे घडताना पाहिले आहेत त्यांना ही युक्ती सांगावयास नको. ठोक्यांनी ताठरलेला पत्रा तांबट भट्टीत लालसर होईतो तापवितो, निववितो, आणि मग तो पुन्हा हातोडीचे ऐकू लागतो. वायसरलाही हेच करावे. चिमट्यात धरून गॅसच्या ज्योतीवर मंद लाल होईपर्यंत तापवावे आणि पाण्यात सोडावे. पोलाद असे पाण्यात बुडविले तर कठीण होते. तांब्याचे तसे नाही. वरची काळी खपली बारीक पॉलिश पेपरने काढली की वायसर कामास तयार. चपटे होऊन पातळ झालेले किंवा तडकलेले वायसर मात्र टाकूनच द्यावे.

गळतीवर दोरा गुंडाळणे, साबण फासणे, डिंकासारखे लुकण थापणे, हे उपाय आपल्याकडे प्रचलित आहेत. तेलकट पृष्ठभागावर यांपैकी काहीच टिकत नाही. चिकटपट्टीचा किंवा लुकणाचा तुकडा आत गेला तर तो पंपाच्या गाळणीवर जाऊन बसतो, आणि गळती थांबविता थांबविता इंजिनाचाच गळा आवळला जातो.

माझी कबुली

आता कन्येच्या निकालाने मला हायसे का वाटले नाही ते सांगतो. आठ महिन्यांपूर्वी त्या गाडीचे तेल मीच बदलून दिले होते. जुनेच वायसर परत लावले होते. दुसऱ्या दिवशी एक थेंब दिसला म्हणून बूच आणखी आवळले. चौथ्या दिवशी पुन्हा थेंब दिसला. तेव्हा पान्याच्या दांड्यात हातभर लांबीची लोखंडी नळी घातली आणि सारे अंग रेटून आवळले. बूच एकदम हलके फिरले. मी ते थोडे मागे घेऊन तसेच सोडले आणि काकूंस सांगितले, "झालं काम." ते खोटे होते हे मला त्याच वेळी ठाऊक होते.

नळीने काय होते तेही गणिताने पाहावे. पाव मीटर लांबीच्या पान्याच्या टोकास १२ किलोग्रॅमचा जोर लावला तर बुचावर ३ किलोग्रॅम-मीटर पीळ पडतो. असल्या बुचास साधारण एवढाच पीळ लागतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो आणि तोच प्रमाण मानावा. पाना नळी लावून पाऊण मीटरचा केला की त्याच जोराचा पीळ तिप्पट होतो. चेंबरचा पत्रा आणि त्यावर जोडलेला आट्यांचा नट हा भार सोसण्यासाठी घडविलेलाच नसतो. आटे ताणतात, मग कातरतात. बुचाबरोबर तारेच्या वेटोळ्यासारखा चकचकीत धातू बाहेर आला तर समजावे की आटे गेले. त्या रविवारी मी बूच काढले तेव्हा तसाच एक वेटोळा माझ्या हाती आला.

जे. सी. रोड म्हणजे मोटारीच्या सुट्या भागांचा बंगळुरातील प्रसिद्ध बाजार. बूच आणि वेटोळा पुडीत बांधून मी तेथे गेलो. ओळखीच्या एका वृद्ध मिस्त्रींनी वेटोळा तळहातावर घेतला, माझ्याकडे पाहिले आणि नळी किती लांब होती एवढेच विचारले. मग म्हणाले, "निधान, सार, निधान." कानडीत 'निधान' म्हणजे सावकाश. मराठीत तोच शब्द ठेव्यासाठी वापरतात. भाषांतराच्या धंद्यात इतकी वर्षे काढून हे दोन अर्थ मी कधी शेजारी ठेवून पाहिले नव्हते. मिस्त्री पुढे म्हणाले, "तुमची जीभ कानडी शिकली, सार. हात अजून शिकायचा आहे."

संध्याकाळी मी काकूंकडे गेलो आणि सारे सांगितले. नळी सांगितली, तेव्हाचे खोटेही सांगितले. चिरंजीव गाडी भंगारात काढावयास सांगत होते ते माझ्यामुळे, हेही सांगितले. काकूंनी ऐकून घेतले. "तेव्हाच सांगितलं असतंस तर एवढं तेल वाया गेलं नसतं की," त्या म्हणाल्या. थोडे थांबून पुढे म्हणाल्या, "मिस्त्रीचे पैसे मात्र तू द्यायचेस."

आटे गेले तर

गेलेल्या आट्यांवर तीन उपाय आहेत. पहिला, किंचित मोठ्या मापाचे बूच. हे बूच स्वतःच नवे आटे कापीत आत जाते. तात्पुरते म्हणून ठीक. परंतु ते तिरपे जाण्याची भीती असते आणि कापलेला धातू चेंबरमध्ये पडतो. दुसरा, भोक टॅपने वाढवून त्यात पोलादी तारेची गुंडाळी बसविणे, म्हणजे मूळ मापाचे बूच पुन्हा चालते. टॅपच्या खाचांत ग्रीस भरले तर कीस त्यातच अडकतो. ॲल्युमिनियमचे चेंबर असेल तर हा उपाय विशेष चांगला. तिसरा, पत्र्याचे चेंबर खाली उतरवून जुना नट काढणे आणि लेथवर घडविलेला नवा नट जोडणे. चेंबर गाडीवर असताना तेथे वेल्डिंग कधीही करू देऊ नये; आतील तेलाच्या वाफेस आग लागते. आधी उतरवावे, रॉकेलने आणि नंतर साबणाच्या गरम पाण्याने धुवावे, पूर्ण वाळवावे, मगच ज्योत लावावी.

मिस्त्रींनी तिसरा मार्ग निवडला. चेंबर उतरविल्यावर एक अनपेक्षित गोष्ट दिसली. पंपाच्या गाळणीवर खरवडून काढावा असा काळा गाळ निम्म्याहून अधिक बसला होता. तो कित्येक वर्षांचा होता. गळती झाली नसती तर चेंबर उतरले नसते, आणि ही गाळणी घेऊनच गाडी बेळगावच्या वाटेस लागली असती. माझ्या अपराधास यामुळे क्षमा मिळते असे मी म्हणत नाही. परंतु यंत्र उघडल्यावर केवळ ज्यासाठी उघडले तेवढेच पाहू नये, एवढे त्यातून घ्यावे.

जोडकामाची परीक्षाही खडूनेच झाली. नव्या नटाभोवती बाहेरून खडूची पूड पाण्यात कालवून फासली आणि वाळू दिली. बूच लावून चेंबरमध्ये दोन बोटे रॉकेल ओतले व ते रात्रभर तसेच ठेवले. रॉकेल तेलाहून पातळ. केसाएवढ्या फटीतूनही ते झिरपते आणि पांढऱ्या खडूवर ओला डाग उमटवते. सकाळी खडू कोरडा होता. मग नवे गॅस्केट घालून चेंबर चढविले. बूच प्रथम बोटांनीच, तीनचार आटे सहज जातील असे फिरविले. जे बोटांनी जात नाही ते तिरपे जात आहे असे समजावे आणि मागे घ्यावे. शेवटचा पीळ मिस्त्रींनी माझ्याकडून देवविला. नळी नाही, झटका नाही. वायसर चेपल्याची जाणीव हातास झाली की थांबावयाचे. नवे तेल भरून दहा मिनिटे इंजिन चालविले, थोडा वेळ थांबून डिपस्टिक पाहिली, आणि ५० किलोमीटरनंतर बूच पुन्हा एकदा तपासले.

काढलेल्या तेलाचे काय करावे

जुने तेल गटारात, झाडाच्या बुंध्याशी किंवा मोकळ्या जागेत ओतू नये. देशातील २०१६ च्या नियमांत वापरलेल्या तेलाची गणना घातक कचऱ्यात केलेली आहे. ते झाकणाच्या डब्यात भरून, ज्या गॅरेजातून ते अधिकृत पुनःप्रक्रियेसाठी जाते तेथे द्यावे. बंगळुरास हे अधिक जपून सांगावयास हवे. सांडपाण्याने भरलेल्या बेळंदूर तलावास २०१५, २०१७ आणि २०१८ साली आगी लागल्याचे साऱ्या देशाने पाहिले आहे. गटारे अखेर तलावांकडेच जातात. वाळवी लागू नये म्हणून जळके तेल लाकडास फासण्याची जुनी चाल आहे, तीही सोडावी. या तेलाचा वारंवार स्पर्श त्वचेस अपायकारक असून त्यात कर्करोगाचाही धोका असतो. म्हणून हातमोजे घालावेत आणि तेलकट फडके खिशात ठेवू नये.

फरशीवरील डागावर लाकडाचा भुसा टाकून रात्रभर ठेवावा आणि सकाळी झाडून घ्यावा. रस्त्यावरच्या थेंबांना मात्र भुसा टाकणारे कोणी नसते. पहिल्या पावसाच्या सरीत चौकातील तेलावरून घसरतो तो बहुधा कोणी स्कूटरवाला असतो, आणि त्याच्या मागे अनेकदा कोणी बसलेले असते. आपली गळती ही आपल्या अंगणापुरती राहत नाही.

जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना. पहिल्या नोंदणीस ५० वर्षे पूर्ण झालेल्या खाजगी गाड्यांसाठी केंद्र सरकारने २०२१ साली 'व्हिंटेज' नोंदणीचे नियम केले. अशी नोंदणी केलेली गाडी प्रदर्शन, फेरी, संशोधन, इंधन भरणे व दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर आणता येते. लग्नास किंवा बाजारास नेता येत नाही. ज्यांना गाडी घरच्या माणसासारखी वापरावयाची आहे त्यांनी नेहमीची नोंदणीच मुदतीत नूतन करून घ्यावी. काकूंनी तसेच केले होते.

मार्गशीर्षात गाडी पहाटे चार वाजता निघाली. तुमकूर, चित्रदुर्ग, दावणगेरे, हुबळी, धारवाड अशी पाचशे किलोमीटरची वाट. भाच्यास एक कागद दिला होता: दर दोन तासांनी थांबावे, दहा मिनिटांनी डिपस्टिक पाहावी, बुचाखाली हात लावून पाहावा. रात्री दूरध्वनी आला. काकूंनी प्रथम लग्नघरच्या फराळाची हकीकत सांगितली, मग आल्यागेल्यांची, आणि शेवटी म्हणाल्या, "अरे, तुझ्या पोरीला सांग, इथं अंगणात गाडीखाली मी पेपर घातला आहे. सकाळी बघून सांगते."

सकाळी कन्या शाळेस निघण्यापूर्वी त्यांनी आठवणीने दूरध्वनी केला. कागद कोरडा होता. पुण्याच्या चिरंजीवांनीही लग्नात तो उचलून पाहिला म्हणे, आणि भंगाराचा विषय पुन्हा काढला नाही.

पुढील अंकी स्वयंपाकघरातील गळक्या नळाविषयी. तोवर वाचकांनी एवढेच करावे: घरात जे जे थेंबाने गळते त्याखाली रात्री एक कागद ठेवावा आणि सकाळी तो खरेपणाने वाचावा.